बोसीच्या केसांविषयी

दुम्यात (इजिप्त), ४ ऑक्टोबर १९८५

बोसीच्या बाबांना इन्साफचा सलाम,

तुमचं पत्र आणि कॅसेट दोन्ही पोचली. कॅसेट लावली तेव्हा शेजारची उम्म रागिब इथेच होती. "इन्साफ, सिलिंडरची चावी बंद करतेस ना?" हे तुमचं वाक्य आलं आणि ती ओढणी तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, "नवरा कुवेतमध्ये बसून इथला गॅस बंद करतोय, बाई! माझा तर शेजारच्या खोलीतून उठत नाही."

तुम्ही लिहिता की तिथल्या कारखान्यात फक्त दारं आणि कपाटं करायला देतात, नक्षीकाम कुणाला नको असतं. वाईट वाटलं. तुमच्या हाताला त्याशिवाय चैन पडत नाही. पण करार संपेपर्यंत सोसायचं असं आपणच ठरवलं होतं.

माझं काम जोरात आहे. लग्नं निघाली आहेत. नवऱ्या मुली, त्यांच्या बहिणी, मावश्या सगळ्या आपल्या स्वयंपाकघरात. सकाळी साखर-लिंबाचा पाक चढवते, तो मधासारखा झाला की ओट्यावर ओतून हाताने ताणते, आणि मग त्याने हातापायांवरचे केस ओढून काढले की आरडाओरडा सुरू. तुम्ही असता तर घर सोडून पळाला असता. चेहऱ्याला तुर्मुसच्या दाण्यांचं पीठ आणि दही, वर गुलाबपाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ. परवा घाऊक बाजारातल्या माशांच्या व्यापाऱ्याची सून आली होती. म्हणाली, "इन्साफकडून निघाले की नवरा मला ओळखतच नाही." मी म्हटलं, "मग पुन्हा लग्नच लाव त्याच्याशी."

तुमच्या अम्मांची तब्येत बरी. गुडघा जरा दुखतो. सोबतच्या, आम्ही भरलेल्या कॅसेटमध्ये त्यांचा आवाज नाही, कारण त्या झोपल्या होत्या. दुपारचा डोळा लागतो त्यांचा, उठवावंसं वाटलं नाही. बोसीने तसं सांगितलंच आहे.

बोसीचे केस अलीकडे जरा विरळ झालेत. नळाचं पाणी खारट येतंय, त्यामुळे असणार. जर्जीरच्या पाल्याचं तेल चोळते आहे. तुम्ही विचारलं होतं की अजून अम्माच, तिची तेता आजीच, तिची वेणी घालते का. नाही, आता मीच घालते. मोठी झाली ती, अकरा वर्षांची. आईनेच केलेलं बरं.

तुमची,
इन्साफ


दुम्यात, १८ नोव्हेंबर १९८५

बोसीचे बाबा,

उशिरा लिहिते आहे, रागावू नका. तुम्ही तिथून आलेल्या माणसाबरोबर पाठवलेलं अम्मांच्या झग्याचं कापड मिळालं. काळं, मऊ, फार सुरेख. अम्मांना नक्की आवडेल. धूळ बसू नये म्हणून सध्या कपाटात ठेवलं आहे.

या वेळीही कॅसेटमध्ये त्यांचा आवाज नाही म्हणून तुम्ही खंत कराल. त्यांचा घसा बसलाय. सर्दीचे दिवस आहेत. बोसीला मी म्हटलं होतं, "तेताचा निरोप तू सांग." तिने सांगितला आहे. मध्येच थांबली, कारण दारावर कुणीतरी आलं होतं.

केसांचं सांगते. उजव्या कानाच्या वर एक जागा उघडी पडली आहे. छोटीच, पण दिसते. कांद्याचा रस सुरू केलाय, एक दिवसाआड. भिजवलेल्या मेथीचा लेपही लावते, वर कलौंजीचं तेल. उम्म रागिब म्हणते नजर लागली. तिने मीठ ओवाळून विस्तवात टाकलं. माझा कांद्यावर जास्त विश्वास आहे. कितीतरी बायकांचे भांग मी कांद्याने भरून आणलेत.

शाळेत पोरं चिडवतात. "कांदेवाली आली, नाक धरा!" बोसी सांगत नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. मी विचारलं तर म्हणाली, "खोटं आहे ते. कुणी काही म्हणत नाही." शाळेत जाताना डोक्याला रुमाल बांधून देते. घरीही बांधते.

खरं सांगू? बायकांसाठी बांधते. मेंदी लावून घ्यायला आलेल्या एकीने मला विचारलं, "पोरीच्या डोक्याला काय झालंय गं?" मी म्हटलं, "उवा झाल्या होत्या म्हणून कापले." विचार करा! माझ्या पोरीच्या डोक्यात उवा, असं मीच माझ्या तोंडाने सांगितलं. पण जिच्या स्वतःच्या मुलीला टक्कल पडतंय तिच्या हातून कोण डोक्याला लावून घेईल? बोसी तिथेच पाट्यावर मेथी वाटत होती. मान वर केली नाही तिने.

तुम्ही काळजी करू नका. ती जागा दिसेनाशी होईल.

इन्साफ


दुम्यात, १२ डिसेंबर १९८५

बोसीचे बाबा,

घाबरू नका. बोसी बरी आहे. तिच्या डोक्याला थोडं भाजल्यासारखं झालं, सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं. मलम दिलं आहे. कांद्याने फरक पडेना म्हणून मी लसूण ठेचून लावला होता. एखाद्याच्या कातडीला तो सहन होत नाही. डॉक्टरीणबाई तरुण आहे, मादलेन नावाची, जरा फटकळ. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळून जिवाला घोर लागू नये म्हणून लिहिलं.

अम्मा बऱ्या आहेत.

इन्साफ


दुम्यात, १५ डिसेंबर १९८५

रिदवान,

तीन दिवसांपूर्वीच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं, आणि त्या अर्ध्यातही शेवटचं वाक्य मला ठाऊक नसताना लिहिलं. अम्मा बऱ्या आहेत की नाहीत हे मला माहीत नाही. त्या इथे नाहीत. ऑगस्टपासून नाहीत. त्या खेड्यात तुमच्या बहिणीकडे, अतियातकडे आहेत.

हे पत्र वाचून तुम्ही काय कराल ते करा. पण शेवटपर्यंत वाचा.

आधी लसणाचं. सहा तारखेची, शुक्रवारची सकाळ होती. एका नवरीचं सगळं अंग करायचं होतं, तिच्याबरोबर तिच्या घरच्या बायका. पाक गॅसवर होता. बोसी मध्ये मध्ये येत होती, म्हणून मी तिला बसवलं, उघड्या जागेवर ठेचलेला लसूण थापला आणि वरून फडकं करकचून बांधलं. म्हटलं, "माझं होईपर्यंत सोडायचं नाही." थोड्या वेळाने ती दारात आली. "आई, जळतंय." मी नवरीच्या पायावरचा पाक ओढत होते. म्हटलं, "जळतंय म्हणजे लागू पडतंय." बायका हसल्या. ती पुन्हा आली. "आई, खूप जळतंय." मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, "सुंदर दिसायचं तर सोसावं लागतं, ह्या ताईला विचार." नवरीसुद्धा हसली.

तिसऱ्यांदा ती आलीच नाही. बायका गेल्यावर मी आत गेले, तर ती कॉटच्या कडेला बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे आपल्या हातून फडकं सोडलं जाऊ नये म्हणून. फडकं सोडलं तर फोड. काही फुटलेले. कातडी फडक्याबरोबर निघून आली. रिदवान, ती ओरडली नाही. मला म्हणाली, "झालं तुझं काम?"

दवाखान्यात डॉक्टर मादलेनने आधी औषध लावलं, मग भिंगाने सगळं डोकं पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाजलेलं भरून येईल. पण त्याआधीच्या जागेविषयी विचारते. हे केस गळलेले नाहीत."

"मग?"

"आपोआप गळून टक्कल पडतं तिथे डोकं बहुधा गुळगुळीत दिसतं. इथे तुटके केस आहेत, कुठे लांडे, कुठे जरा लांब. हे उपटलेले आहेत."

"कोण उपटणार माझ्या मुलीचे केस?"

"ती स्वतःच."

माझा तोल गेला. "माझी मुलगी वेडी नाही," म्हणून मी ओरडले.

"वेडी म्हटलंय का मी? काही मुलं नखं खातात, काही केस ओढतात. मनात काहीतरी दाबून ठेवलेलं असतं. घरात काही झालं आहे का?"

"काही नाही झालं."

हे म्हणताना माझी नजर बाकड्यावर बसलेल्या बोसीकडे गेली. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी काय उत्तर देते ते ऐकत होती, कारण तिला विचारलं तर तिलाही तेच सांगायचं होतं. तशी सवय मीच लावली होती तिला.

आता ऑगस्टचं. तुम्ही गेल्यापासून बोसी अम्मांच्या अंथरुणात झोपायला लागली होती. केस धुणं त्यांच्याकडे, तेल त्यांच्याकडे, वेणी त्यांच्याकडे. मी जवळ घेतलं की म्हणायची, "तुझ्या हातांना लिंबाचा वास येतो." माझे हात दिवसभर पाकात, दुसऱ्यांच्या मुली गोऱ्या करण्यात असतात. त्या दिवशी माझ्याकडे बायका बसल्या होत्या. मी बोसीला हाक मारली, म्हटलं ये, आज मी विंचरते. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "नको. तू ओढतेस. तेताच करू दे." आणि अम्मा हसल्या. आता वाटतं, साधंच हसल्या असतील. तेव्हा मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्या हातातली फणी हिसकली. तेलाची वाटी पायाने लाथाडली. म्हटलं, "हे घर माझं आहे आणि मुलगीही माझी आहे. एकदा मुलं वाढवून झाली ना तुमची? मग माझी मला वाढवू द्या."

 दुपारी अम्मांनी गाठोडं बांधलं. फार सावकाश बांधलं, रिदवान. एकेक कपडा पुन्हा उलगडून घडी घालत होत्या. मी थांबवेन म्हणून वाट बघत होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मी दार उघडून धरलं.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. बोसी रडत होती. मी तिला धरून सांगितलं, "बाबांना यातलं एक अक्षर कळलं तर ते काम टाकून परत येतील, आपण रस्त्यावर येऊ, आणि ते तुझ्यामुळे होईल. तूच म्हणालीस ना, तेताच करू दे?"

हे मी अकरा वर्षांच्या पोरीला सांगितलं. नंतर प्रत्येक कॅसेटच्या वेळी तिच्यासमोर बसून तिला शब्द पढवले. तेता झोपली आहे. तेताचा घसा बसलाय. आणि केस गळायला लागले तेव्हा पाण्याला नावं ठेवली.

दवाखान्यातून आल्यापासून मी लक्ष ठेवते आहे. ती अभ्यासाला बसली की डावा हात आपोआप वर जातो. एक केस शोधते, बोटाला गुंडाळते, ओढते, आणि पुढचं गणित करते. तिला कळतसुद्धा नाही.

अम्मांनी तुम्हाला कळवलं नाही, अतियातलाही लिहू दिलं नसणार. परमुलखात एकट्या माणसाच्या डोक्याला घरचा ताप नको, असंच त्या म्हणाल्या असतील. मी मात्र त्यांच्या त्या गप्प राहण्यावर आरामात जगले.

इन्साफ


दुम्यात, ३० जानेवारी १९८६

रिदवान,

तुमचं पत्र आलं नाही. येईल अशी अपेक्षा ठेवायचा मला हक्कही नाही. तरी लिहिते, कारण तुमच्या आईविषयी तुम्हाला कळायला हवं.

मी बोसीला घेऊन खेड्यात गेले. मुद्दाम न कळवता गेले, कारण कळवलं असतं तर अतियातने नको म्हटलं असतं. दार तिनेच उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत ओरडून म्हणाली, "अम्मा, राणीसाहेब आल्या आहेत. अंगणातली बदकं आवरू का?"

अम्मा अंगणात ऊन खात बसल्या होत्या. वाळल्या आहेत. उजवा हात नीट वर होत नाही, खांद्यात काहीतरी धरलंय. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "बोसी, इकडे ये," एवढंच म्हणाल्या.

बोसी जागची हलेना. मग तिने स्वतःच रुमाल सोडला. मी सांगितलं नव्हतं. भाजलेली जागा तोवर भरत आली होती, पण लाल होती आणि बाजूने सगळं उघडं. अतियात "या रब्बी!" म्हणून किंचाळली. अम्मांनी तिला हातानेच गप्प केलं.

"कुणी केलं हे?"

"लाल झालंय ते लसणाने," बोसी म्हणाली. "बाकीचं मी."

"का गं?"

बोसीने माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात पाहिलं होतं अगदी तसंच. माझ्या चेहऱ्यावर तिला काही वाचता येऊ नये म्हणून मी मान फिरवली. मग ती बोलली. "मी बाबांना खोटं सांगितलं. तू झोपली आहेस म्हणाले. तू गेलीस पण माझ्यामुळेच. मी म्हणाले होते तेताच करू दे."

अम्मांनी तिला ओढून मांडीवर घेतलं. एवढी मोठी मुलगी, पाय जमिनीला लागत होते. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू सांगतेस की मी सांगू तिला?"

मी खाली बसले. तिथे बदकांची घाण होती, त्यातच बसले. म्हटलं, "बोसी, तेताला मी घालवलं. तुझ्यामुळे नाही. मला हेवा वाटला म्हणून. खोटं मी बोलत होते, तुझ्या तोंडून. तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मग मला असं का सांगितलंस?"

  भित्री होते म्हणून, एवढंच सुचलं, तेच सांगितलं.

जेवणं झाल्यावर मी अम्मांच्या पायाशी गेले. माफी मागितली, घरी चला म्हटलं.

"नाही येणार," त्या म्हणाल्या.

"अम्मा, तुमचा मुलगा..."

"मुलाचं नाव काढू नकोस. त्याच्यासाठी मला नेणार, म्हणजे पुन्हा त्याला दाखवायलाच. इथे अतियात तोंडाने वाईट आहे, पण ताट आधी माझं वाढते."

"निदान माफ केलं म्हणा."

 मग म्हणाल्या, "म्हटलं की तू हलकी होशील आणि जाशील. राहू दे जरा ओझं तुझ्यापाशी. पोरीने एकटीने उचललं, तू बाई आहेस मोठी."

मी बोसीला शाळेची सुट्टी संपेपर्यंत तिथेच ठेवून आले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. घरी आले तर दारात दोन बायका पाकासाठी थांबलेल्या. मी म्हटलं, आज नाही.

इन्साफ


दुम्यात, २२ मे १९८६

रिदवान,

तुम्ही अम्मांना पत्र लिहिलंत आणि बोसीला वेगळं लिहिलंत, दोन्ही पोचली. मला त्यात एक ओळही नव्हती. बरोबर केलंत. बोसीला लिहिलेलं मी वाचलं नाही. तिने उशीखाली ठेवलं आहे.

तुम्ही ईदच्या सुमाराला येणार आहात हे अतियातकडून कळलं. आधी खेड्यात जा. मग इथे यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी घर नीट ठेवलं आहे.

बोसीविषयी खरं तेच लिहिते. केस येत आहेत, बोटभर झालेत, कोंबडीच्या पिल्लासारखे उभे राहतात. लसणाची जागा मात्र तशीच आहे, चट्टा पांढुरका पडलाय. डॉक्टर मादलेन म्हणते, तिथे कदाचित कधीच उगवणार नाहीत. मी त्यावर काही लावत नाही. काही लावण्यासारखं माझ्याकडे नाही. ओढणंही पूर्ण थांबलेलं नाही. परीक्षेच्या दिवसांत पुन्हा सुरू झालं होतं. मी "हात खाली" म्हणत नाही, तिच्याजवळ जाऊन बसते. कधी ती बोलते, कधी म्हणते, "आई, जा ना तू." मग मी जाते.

काम सुरू आहे, पण कमी केलंय. मेंदी, पाक, तुर्मुस, एवढंच. डोक्याचं कुणी काही विचारलं की दवाखान्याचा रस्ता सांगते. बायका म्हणतात, इन्साफचा हात गेला. म्हणू देत.

अम्मा आता कधीमधी येतात. बोसीसाठी येतात. एक रात्र राहतात आणि जातात, गाठोडं सोडत नाहीत. माझ्या हातचं खातात, चव चांगली म्हणत नाहीत, वाईटही म्हणत नाहीत. तुमचं कापड मी त्यांना दिलं, उशीर का झाला तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठेव तिथे."

परवा आल्या तेव्हा त्यांच्या केसांत प्रवासाची धूळ होती. खांद्यामुळे त्यांचा हात डोक्यापर्यंत पोचत नाही. बोसी शाळेत होती. त्या बराच वेळ न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी बघत होते, पण विचारायचं धाडस होईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "बघत काय बसलीस? मला डोकं धुवून हवंय."

त्या स्टुलावर बसल्या. मी केस सोडले. रिदवान, तुमच्या आईचे केस किती थोडे उरलेत, तुम्हाला माहीत आहे का? खालची कातडी सगळी दिसते, गुलाबी, तान्ह्या बाळासारखी. एवढ्या बायकांची डोकी या हातांतून गेली, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मला बोट ठेवायची भीती वाटली. मी नुसतंच पाणी ओतत राहिले.

"हात लाव की," अम्मा म्हणाल्या. "मोडत नाही मी."

मी हात लावला. त्यांनी डोळे मिटून मान मागे टाकली, सगळा भार माझ्या तळव्यावर.  मला वाटलं, आता माफ केलं म्हणतील. आत्ता म्हणतील.

"पाणी गार झालंय," त्या म्हणाल्या.

मी टॉवेल त्यांच्या खांद्यांवर टाकला आणि पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं.

इन्साफ